शितावरून भात: इटालियन माणूस आणि माफियाचा शिक्का

१. एका शब्दाची वाट

‘इटलीत खरंच एवढे माफिया असतात का हो?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा नववीतल्या एका मुलाने विचारला. नंतर तोच प्रश्न मोठ्या माणसांकडूनही अनेकदा ऐकला. विचारणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. त्याने ‘गॉडफादर’ पाहिलेला असतो, नाहीतर त्याच्याबद्दल ऐकलेलं असतं, आणि रोज सकाळच्या पेपरात वाळूमाफिया, टँकरमाफिया, भूमाफिया वाचलेले असतात. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो सिसिली बेटावरून आलाय याची कोणाला आठवणही राहिलेली नाही.

सिसिलीच्या बोलीत ‘माफियूसू’ म्हणजे ऐटबाज, बेडर माणूस. १८६३ मध्ये पालेर्मोच्या तुरुंगातल्या दादा कैद्यांवर एक नाटक आलं, त्याच्या नावात हा शब्द होता, आणि ते नाटक गावोगाव चाललं. पुढे सरकारी अहवालांत ‘माफिया’ आला, तिथून अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत, मग सिनेमात आणि शेवटी आपल्या नदीकाठच्या वाळूच्या ढिगांपर्यंत.

पण मराठी माणसाच्या मनात इटली नेहमीच अशी नव्हती. १९०७ मध्ये सावरकरांनी मराठीत आणलेलं मॅझिनीचं आत्मचरित्र पुण्यात छापलं गेलं. इंग्रज सरकारला त्याची इतकी धास्ती वाटली की त्याच्यावर बंदी आली. त्या काळच्या मराठी तरुणाला इटालियन म्हटलं की मॅझिनी आणि गॅरिबाल्डी हे देशभक्त आठवत. त्याच १९०७ साली पावणेतीन लाखांहून जास्त इटालियन माणसं बोटींतून अमेरिकेत उतरली. तिथल्या पेपरांत त्यांची चित्रं निघत ती सुरा घेतलेल्या, मिशाळ, कळकट माणसाची. एकच देश, एकच वर्ष. पुण्यातल्या वाचकाला त्यात देशभक्त दिसत होता आणि न्यूयॉर्कच्या वाचकाला गुंड. दोघांपैकी कोणाच्याही शेजारी बहुधा इटालियन कुटुंब राहत नव्हतं.

२. शितावरून भाताची परीक्षा

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि भाताच्या बाबतीत ती बरोबरच असते. एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एक दाबून पाहिलं की बाकीची कळतात. माणसं अशी एका पातेल्यात शिजत नाहीत. तरीही मन भाताचीच सवय माणसांना लावतं, कारण त्यात वेळ वाचतो.

त्यात खड्याची भर. जेवताना हजार शितं खाल्ली तरी एकही लक्षात राहत नाही. दाताखाली एक खडा आला की तोच घास आठवतो. सकाळी फळांची गाडी लावणारा, दिवसभर खणणारा, संध्याकाळी घरी जाणारा इटालियन बातमीत येत नाही. सुरा चालवणारा येतो.

आता थोडं गणित करू. समजा, एका शहरात एक लाख इटालियन आहेत आणि त्यांतले पन्नास जण गुंड आहेत. शहरात सगळे मिळून गुंड शंभर. मग ‘या शहरातला दर दुसरा गुंड इटालियन आहे’ हे वाक्य खरं ठरतं. ‘दोन हजार इटालियनांमागे एक गुंड’ हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं त्याच आकड्यांतून निघाली आहेत. मथळा मात्र पहिल्याचा होतो, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात ते उलटं होऊन बसतं: दर दुसरा इटालियन गुंड. या विषयातली निम्मी गफलत या उलटापालटीतून होते, म्हणून हे गणित पक्कं लक्षात ठेवा.

आणखी तीन शब्द वेगवेगळे ठेवायला हवेत. डोक्यात तयार झालेलं ठोकळेबाज चित्र म्हणजे साचा. त्या साच्यामुळे माणूस भेटण्याआधीच मनात धरलेली अढी म्हणजे पूर्वग्रह. आणि त्या अढीपायी हातून होतं ते, म्हणजे नोकरी नाकारणं, घर नाकारणं, दगड उचलणं, हा भेदभाव. १९५० आणि ६० च्या दशकांत इटलीच्याच उत्तरेकडच्या तुरिन शहरात दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी दारांवर पाट्या वाचल्या: दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही. ती पाटी म्हणजे तिसरी पायरी. आपल्या शहरांत भाड्याचं घर शोधलेल्यांना ती जास्त समजावून सांगायला नको.

३. कवटीतला खळगा

तुरिनची पाटी इथे मुद्दाम आणली. बाहेरच्या जगाने इटालियन माणसावर मारलेला शिक्का आधी इटलीतच कोरला गेला होता, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं.

१८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झालं. उत्तरेकडे गिरण्या आणि सुपीक खोरी, दक्षिणेकडे गरिबी, जमीनदार आणि मलेरिया. दक्षिणेत बंडाळी झाली, ती मोडायला फौज गेली आणि त्या फौजेबरोबर चेझारे लोम्ब्रोसो नावाचा तरुण डॉक्टर कॅलाब्रियात गेला. पुढे त्याच्या हाती विल्लेल्ला नावाच्या, तुरुंगात मेलेल्या एका कॅलाब्रियन माणसाची कवटी आली. तिच्या मागच्या बाजूला आतून एक खळगा होता. त्या एका खळग्यावरून लोम्ब्रोसोने ठरवलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांच्या अंगात आदिमानव शिल्लक असतो. १८७६ मध्ये त्याचा ‘गुन्हेगार माणूस’ हा ग्रंथ निघाला आणि युरोपभर गाजला. त्याच वळणाच्या आल्फ्रेदो निचेफोरोने दक्षिण इटलीच्या अख्ख्या समाजाला मागास वंश ठरवलं.

ती कवटी तुरिनच्या संग्रहालयात आहे. एकविसाव्या शतकात विल्लेल्लाच्या गावाने, मोत्ता सांता लुचियाने, ती दफन करायला परत मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मला त्या गावाची मागणी अगदी रास्त वाटते. एका गरीब माणसाचं डोकं पुरावा म्हणून काचेत गेलं, आणि त्या पुराव्यावर लाखो जिवंत माणसांचा निकाल लागला.

४. न्यू ऑर्लिन्स, १४ मार्च १८९१

अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे बंदर. सिसिलीहून आलेले लोक इथे गोदीत हमाली करत, फळं विकत, आसपासच्या उसाच्या मळ्यांत राबत. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री पोलिसप्रमुख डेव्हिड हेनेसी घरी जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. मारेकरी कोण, असं विचारल्यावर त्यांनी इटालियनांसाठीची एक शिवी पुटपुटली, असं त्यांच्या एका ओळखीच्याने सांगितलं.  इटालियनांची सरसकट धरपकड झाली.

एकोणीस जणांवर आरोप ठेवले गेले, त्यातल्या नऊ जणांचा खटला आधी चालला. १३ मार्चला निकाल लागला: सहा जण निर्दोष, तिघांबाबत ज्युरीचं एकमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरांत जाहीर सूचना आली की नागरिकांनी दहा वाजता शहरातल्या क्लेच्या पुतळ्यापाशी जमावं. बोलावणाऱ्यांत शहरातले नामांकित लोक होते. हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला आणि त्याने अकरा माणसं मारली. त्या अकरांतले तिघे आदल्या दिवशी निर्दोष सुटलेले, तिघांच्या बाबतीत निकालच न लागलेला आणि पाच जणांवर तर अजून खटलाही उभा राहिला नव्हता. मेलेल्यांत मोनास्तेरियो नावाचा एक चांभारही होता. जमावातल्या एकालाही शिक्षा झाली नाही.

अमेरिकेत जमावाने ठार मारलेल्यांची संख्या हजारांत जाते आणि त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य होणार नाही. पण या घटनेत साच्याचं काम डोळ्यांसमोर उघडं पडतं. ज्युरीने पुरावा तपासून ‘सिद्ध झालं नाही’ म्हटलं. साच्यात बसलेल्या माणसाच्या बाबतीत गर्दीला पुराव्याची गरजच वाटली नाही. उलट निर्दोष सुटका हाच माफियाने ज्युरीला विकत घेतल्याचा पुरावा मानला गेला. असा पूर्वग्रह खोडून काढायला काहीच उरत नाही, कारण त्याच्या बाजूची गोष्ट पुरावा ठरते आणि विरुद्ध गोष्टही पुरावाच ठरते.

इटलीने आपला राजदूत परत बोलावला. अमेरिकेने १८९२ मध्ये २५ हजार डॉलर भरपाई दिली. न्यू ऑर्लिन्स शहराने अधिकृत माफी मागितली ती २०१९ मध्ये.

५. फॉर्मवरचा एक रकाना

मारलेला दगड दिसतो. कागदावरची रेघ दिसत नाही, पण ती कितीतरी जास्त लोकांना अडवते.

१८९९ पासून अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने येणाऱ्या लोकांची वंशवार नोंद सुरू केली. त्यात इटालियनांचे दोन वंश झाले, ‘उत्तर इटालियन’ आणि ‘दक्षिण इटालियन’. पो नदीच्या खोऱ्यातले ते उत्तर, बाकी सगळे दक्षिण. या हिशेबाने उत्तरेच्या किनाऱ्यावरचं जिनोआही दक्षिणेत गेलं. ज्या कोलंबसाच्या नावाने अमेरिका सण साजरा करते तो जिनोआचा. तो त्या काळात बोटीतून उतरला असता तर कारकुनाने त्याच्या नावापुढे ‘दक्षिण इटालियन’ लिहिलं असतं.

१९११ मध्ये अमेरिकन संसदेच्या डिलिंगहॅम आयोगाने एक्केचाळीस खंडांचा अहवाल दिला. त्यात वंशांचा एक कोशच होता. उत्तर इटालियन शांत, विचारी, चिकाटीचा, तर दक्षिण इटालियन तापट, लहरी, अव्यवहारी असं त्यात लिहिलं होतं, आणि आधार दिला होता निचेफोरोचा. तुरिनच्या टेबलावरची कवटी अशी वॉशिंग्टनच्या फायलीत पोहोचली.

त्यातून निघाला १९२४ चा इमिग्रेशन कायदा. तो नीट समजून घ्या, कारण त्यात कोणत्याही देशाबद्दल एकही वाईट शब्द नाही. तो म्हणतो: एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के माणसं दरवर्षी त्या देशातून येऊ शकतील. युरोपातल्या सगळ्या देशांना नियम सारखा. मग गोम कुठे? ती वर्षात आहे. १८९० मध्ये अमेरिकेत इटलीत जन्मलेले सुमारे १ लाख ८२ हजार लोक होते. त्याचे दोन टक्के म्हणजे साडेतीन हजारांच्या थोडं वर. १९१० ची जनगणना धरली असती तर ही संख्या १३ लाख ४० हजारांच्या घरात होती आणि दोन टक्के झाले असते जवळपास २७ हजार. कायदा करणाऱ्यांसमोर १९१० ची आणि १९२० चीही आकडेवारी होती. त्यांनी चौतीस वर्षांपूर्वीची निवडली, इटालियनांची मोठी लाट येण्याच्या आधीची. इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या. जिथे एका वर्षात पावणेतीन लाख येत होते तिथे चार हजारही नाहीत. ही देशवार पद्धत १९६५ पर्यंत टिकली.

६. धमकीची चिठ्ठी कोणाच्या दारात

‘पण गुन्हेगार इटालियन होते ना?’ असं वाचक विचारतील. होते. न्यूयॉर्कमध्ये ‘काळा पंजा’ या नावाने खंडणी मागणारे होते. चिठ्ठीवर काळ्या हाताचं चित्र, पैसे दिले नाहीत तर दुकानात बाँब. पण या चिठ्ठ्या जात कोणाला? इटालियन वाण्याला, इटालियन न्हाव्याला, इटालियन गवंड्याला. जगप्रसिद्ध गायक एन्रिको कारुझोलाही एक आली होती. या गुंडांचा सगळ्यात जास्त जाच इटालियनांनाच होता.

आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तोही इटालियनच. जोसेफ पेत्रोसिनो, दक्षिणेतल्या पादुला गावचा, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. १८८३ मध्ये तो पोलिसांत भरती झाला. पुढे त्याच्या हाताखाली इटालियन बोलणाऱ्या पोलिसांचं खास पथक उभं राहिलं. गुन्हेगारांची माहिती काढायला तो सिसिलीला गेला आणि १२ मार्च १९०९ ला पालेर्मोच्या चौकात गोळ्या लागून मेला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी लाखोंच्या घरात मोजली गेली. माफियाचं नाव घेतलं की पेत्रोसिनो कोणाला आठवत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

७. पडद्यावरचा इटालियन

१९३१ मध्ये ‘लिटल सीझर’ आणि १९३२ मध्ये ‘स्कारफेस’ हे चित्रपट आले. दोन्हींचे नायक इटालियन गुंड. एक भूमिका केली बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या ज्यू एडवर्ड रॉबिन्सनने आणि दुसरी लेंबर्गमध्ये जन्मलेल्या ज्यू पॉल म्यूनीने. हेल काढून बोलणं, हातवारे, तापटपणा, आईचं वेड, हे सगळं नटांनी रंगवलं आणि लोकांनी खरं मानलं. १९५९ पासून ‘द अनटचेबल्स’ ही टीव्ही मालिका दर आठवड्याला इटालियन नावाचे गुंड दाखवत होती. इटालियन वंशाच्या लोकांनी इतका निषेध केला की निर्मात्यांना नावं बदलायला कबूल व्हावं लागलं.

‘गॉडफादर’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कादंबरी मारिओ पुझोची, १९६९ ची, आणि चित्रपट फ्रान्सिस कोपोलाचा, १९७२ चा. दोघेही इटालियन वंशाचे. चित्रीकरणाआधी इटालियन नागरी हक्क संघटनेने आंदोलन केलं आणि पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढून टाकायला लावला. पण त्या संघटनेचा म्होरक्या जो कोलंबो स्वतःच एका टोळीचा प्रमुख होता. प्रामाणिक माणसांची खरी तक्रार घेऊन पुढे उभा राहिला तोच साच्यातला माणूस. त्यामुळे त्या तक्रारीचं जे नुकसान झालं ते पुढे कितीतरी वर्षं भरून आलं नाही.

मग अशा कथा दाखवूच नयेत का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच घरात आहे. २००५ मध्ये रामगोपाल वर्मांनी ‘गॉडफादर’वरून ‘सरकार’ केला. त्यातलं कुटुंब मराठी, आडनाव नागरे. तो पाहून कोणी सगळ्या मराठी कुटुंबांना टोळी समजलं का? निदान मुंबईत तरी नाही. मुंबईच्या प्रेक्षकाला मराठी शिक्षिका, मराठी कंडक्टर, मराठी नर्स, मराठी शेजारी रोज भेटतात. पडद्यावरचा एक नागरे त्या हजारांत मिसळून जातो. १९३१ मध्ये आयोवातल्या शेतकऱ्याला मात्र एकच इटालियन ‘भेटत’ होता, तोही शनिवारी संध्याकाळी, तिकीट काढून. चित्र किती वाईट आहे यापेक्षा ते एकटंच आहे का, हे मी आधी बघतो.

८. गोड साचा

साचा नेहमी कडूच असतो असं नाही. हसरा आचारी, प्रेमात पडणारा, गाणारा, हात नाचवत बोलणारा इटालियन हाही साचाच. १९३९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने बेसबॉलपटू जो डिमॅजिओवर मोठा लेख छापला. त्याची स्तुती करताना सांगितलं की हा केसांना ऑलिव्ह तेल चोपडत नाही आणि त्याच्या अंगाला लसणाचा वास येत नाही. लिहिणाऱ्याला हे कौतुकच वाटत होतं. ज्याच्या घरी रोज लसणाची फोडणी पडते त्याने हे वाक्य स्वतःला लावून वाचावं.

पुढे, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख बिननागरिक इटालियनांना ‘शत्रुदेशाचे रहिवासी’ ठरवलं गेलं. त्यात डिमॅजिओचे वडील होते. आयुष्यभर मासेमारी केलेल्या त्या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जायची बंदी झाली. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबसाच्या सणाला, बंधनं उठवत असल्याचं जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना इटालियनांची काळजी वाटत नव्हती, ते त्यांना ऑपेरा गाणारे लोक समजत. त्याच सरकारने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. एकाच्या वाट्याला आलेला साचा त्याला वाचवून गेला, दुसऱ्याचा त्याला घेऊन बुडाला. दोन्हीकडे समोरचा माणूस कोणी पाहिला नाही.

९. माकडवाला

शेवटी एका मुलाची गोष्ट. १८९० च्या दशकात अॅरिझोनातल्या प्रेस्कॉट गावात फिओरेल्लो ला ग्वार्डिया राहत होता. वडील सैन्यात बँडमास्तर. एक दिवस गावात माकड घेऊन पेटी वाजवणारा इटालियन आला. पेटीचा दांडा फिरवायचा, माकड टोपी पुढे करतं, लोक नाणी टाकतात. अमेरिकेच्या व्यंगचित्रांतला इटालियन बऱ्याचदा हाच असे. गावातली पोरं त्याच्याभोवती जमली आणि मग फिओरेल्लोकडे वळली. तूही त्यांच्यातलाच ना, मग तुझं माकड कुठंय? ते बोलणं त्याच्या फार जिव्हारी लागलं. आपल्यात आणि या पोरांत फरक काय, हे त्याला समजेना. त्यांतल्या काहींची घराणी अमेरिकेत त्याच्या घराण्याइतकीच नवी होती.

पुढे तो न्यूयॉर्कचा महापौर झाला, १९३४ ते १९४५, शहराच्या सगळ्यात लाडक्या महापौरांपैकी एक. त्याने १९३६ पासून रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्यांवर बंदी घातली. रहदारी आणि भीक ही कारणं त्याने दिली. लोक नाराज झाले. म्हाताऱ्या पेटीवाल्यांची बाजू घेऊन पत्रं आली. तरी बंदी राहिली. लहानपणीच्या त्या चिडवण्याचा सल त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

त्याच आत्मचरित्रात त्या दिवसाचा पुढचा भागही आहे. पोरं चिडवत असतानाच फिओरेल्लोचे वडील तिथे आले. किती वर्षांत त्यांच्या कानावर गावाकडची बोली पडली नव्हती. ते पेटीवाल्याशी नेपल्सच्या बोलीत बोलायला लागले. मुलगा शरमेने चूर झाला होता आणि वडिलांचा चेहरा खुलला होता. तोही वादक, हेही वादक. बोलता बोलता वडिलांनी त्याला मॅकरोनी खायला घरी बोलावलं.